ओल झाकणारी तसबीर

मित्रांनो, मी एक जुनी तसबीर आहे आणि मुलुंडच्या एका फ्लॅटमध्ये चार वर्षं मी भिंतीची ओल झाकली. हसू नका. माझा जन्म १८५२ सालचा. जर्मनीतल्या एका गरम झऱ्यांच्या गावात कारागिराने मला धातूच्या पत्र्यावर रेघ न् रेघ कोरलं आणि जाड, सुती कागदावर छापलं. माझ्यात डोंगर होते, स्नानगृहं होती, औषधी पाण्याचे पेले हातात घेऊन हिंडणाऱ्या छत्रीवाल्या बायका होत्या. त्या पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास यायचा, तरी बडी बडी माणसं ते प्यायला लांबून यायची.

बोटीने मी मुंबईला आले. पुढे मुलुंडच्या त्या फ्लॅटच्या मालकाच्या, म्हणजे श्यामकांतच्या, वडिलांनी मला लिलावात घेतलं. ते कदर करणारे होते. कोरड्या फडक्याने काच पुसायचे, पाहुण्यांच्या हातात भिंग देऊन माझ्यातली एकेक बाई दाखवायचे.

मुलगा मात्र कमालीचा भिडस्त निघाला. वरच्या मजल्यावरच्या जयवंतच्या बाथरूममधून पाणी झिरपून यांच्या हॉलच्या भिंतीवर काळा डाग पडला. जयवंत हा श्यामकांतचा शाळेपासूनचा मित्र, दर रविवारी चहाला येणारा.

"अहो, सरळ सांगा ना त्यांना," बायको जयंती म्हणाली.

"अगं, कसं सांगू? वाईट वाटेल त्याला."

आणि या महाशयांनी मला आतल्या खोलीतून आणून त्या डागावर टांगलं. काय अक्कल म्हणायची ही!

तिथून माझी वाट लागली. आधी पाठीचा पुठ्ठा फुगला, मग बुरशी कागदात शिरली. डोंगर गेले. मग ती एकेका बाईवर चढू लागली. मला फार भीती वाटायची. कुणीतरी मला खाली उतरवा, एवढंच मागत होते मी. आणि समोर जयवंत पोहे खात म्हणायचा, "श्याम, काय झकास चित्र आहे रे!" ज्याच्या आंघोळीचं पाणी माझ्या पाठीत उतरत होतं, तोच माझं कौतुक करत होता. यजमान त्याला आणखी पोहे वाढत होते.

परवाच्या रविवारी जवळून बघायला म्हणून जयवंतने मला खिळ्यावरून काढलं. मागच्या भिंतीचे ओले पोपडे त्याच्या पायावर पडले. डागावरून त्याची नजर वर छताकडे गेली.

"हे माझ्या बाथरूमचं पाणी? कधीपासून?"

"अरे, आत्ता आत्ताच," श्यामकांत म्हणाला.

"चार वर्षं," जयंती म्हणाली.

जयवंतने तिथूनच प्लंबरला फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गळती बंद झाली. एक फुटका पाइप होता, बस्स. त्यासाठी मी चार वर्षं कुजले.

त्या रविवारी मात्र फोन ठेवून त्याने मला उजेडात धरलं. आता स्नानगृहाचं एक टोक आणि अर्धी छत्री तेवढी उरली होती. "हे पण माझ्यामुळेच झालं का रे?" त्याने हळूच विचारलं.

"छे छे, जुनी चित्रं अशीच असतात," श्यामकांत म्हणाला. "तुला आवडतं ना? घेऊन जा."

जयंतीनेही मान डोलावली. जयवंतने माझ्याकडे पाहिलं, तोंड वाकडं होता होता सावरलं आणि म्हणाला, "वा, वा. द्या की."

आता मी वरच्या मजल्यावर, त्याच्या कपाटामागे आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू कोरड्या जागी ठेवा, हे तर आहेच. पण एखादी गोष्ट नको असेल, मग ती गळती असो की भेट, तर नको म्हणायला शिका. या दोन मित्रांपैकी एकालाही ते जमलं नाही.