भडका

बायकोवर हात उचलणाऱ्या वेल्डरच्या रागाला समुपदेशकानं नाव द्यायला लावलं, तेव्हा तो म्हणाला, "भडका." मग भडका कधी येतो, काय करायला लावतो, कधी त्याचं काही चालत नाही, यावर दोघं तासतासभर बोलत. आयुष्यभर स्वतःला नालायक म्हणवून घेतलेला तो माणूस आता मान वर करून बसू लागला होता.

समुपदेशन केंद्राच्या बैठकीत समुपदेशकानं हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिथल्या सगळ्यात जुन्या डॉक्टरबाई चष्मा पुसत ऐकत होत्या.

"राग त्याच्यापासून वेगळा काढलात, ठीक," त्या म्हणाल्या. "पण मार खाणारीला कुणी विचारलंय का?"

"बाई, तुम्हाला ही पद्धतच पटत नाही. दोष देऊन कोण सुधारलंय?"

"सांगायची गोष्ट बदलली म्हणून घर बदलत नाही, एवढंच म्हणतेय."

समुपदेशकानं चिडून फाईल मिटली.

पुढच्याच आठवड्यात वेल्डरची बायको एकटी आली. मनगटाला पट्टी होती.

"पूर्वी मारलं की निदान तोंड लपवून बसायचे," ती म्हणाली. "परवा म्हणाले, मी नाही गं, भडक्यानं मारलं. आणि जेवायला बसले. साहेब, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

समुपदेशकानं तडक डॉक्टरबाईंच्या खोलीत जाऊन ते सांगितलं. 'बघा, मी सांगत होते' असं त्या म्हणतील असं त्याला वाटलं होतं.

"आधी तिची राहायची सोय बघू," म्हणत त्यांनी फोन उचलला. संध्याकाळपर्यंत ती बहिणीकडे पोचली.

त्यानंतरच त्यानं वेल्डरला बोलावलं.

"भडका आला, मान्य. हात कुणाचा होता?"

"साहेब, तुम्हीपण?"

"कुणाचा?"

वेल्डर ठिणग्यांनी डागाळलेल्या तळव्यांकडे बघत राहिला. मग खुर्ची मागे ढकलून निघून गेला.

महिनाभर तो फिरकला नाही. आपण एक माणूस हातचा घालवला, हे समुपदेशकाला खात राहिलं. डॉक्टरबाईंशी वादही घालावासा वाटेना.

एका दुपारी वेल्डर दारात उभा राहिला. आत न येताच म्हणाला, "माझा होता."

"बसा."

"ती परत येईल का?"

"ते ती ठरवेल. आपण तुमचं बोलू."

वेल्डर खुर्चीच्या कडेला टेकला.