रोज्यातली पारख

मालम बास्सूंनी गोणपाट उलगडले तेव्हा दुकानात उन्हाची एकच तिरीप उरली होती, आणि ती नेमकी जबड्यावर पडली. खुरिब्गाच्या फॉस्फेटच्या खाणीतला, समुद्री सरड्याचा हातभर लांब जबडा. पिवळट वाळूच्या ढेपेत रुतलेले तपकिरी दात.

इद्दर काही क्षण नुसता पाहत राहिला. जुन्या हाडांची पारख त्याला याच म्हाताऱ्याने, त्याच्या मालमने म्हणजे उस्तादाने, शिकवली होती. आता तो लल्ला इत्तो या मालकिणीच्या जीवाश्मांच्या दुकानात पारखी होता, आणि गेल्या वर्षी बास्सूंच्या मालात दोनदा खोट निघाल्यापासून एरफूद गावातल्या बाकीच्या दुकानांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. हे दार मिटले, तर त्यांना दुसरे दार नव्हते.

"बघत काय बसलायस? अख्खा आहे. डिंकाचा थेंबसुद्धा नाही लागलेला," बास्सू म्हणाले. "अजानच्या आत हो म्हणून टाक, म्हणजे मी मोकळा."

"अहो मालम, कोट्यवधी वर्षं थांबलाय तो. घटकाभराने काय बिघडतंय?" आतून हरीऱ्याचे सूप ढवळत लल्ला इत्तोने विचारले.

इद्दरने जबडा उजेडाकडे वळवला. नकली जबड्यात दात कंगव्यासारखे एका रांगेत बसवलेले असतात; इथे प्रत्येकाचा कल निराळा होता. एका मुळाच्या कुशीत नवा दात उगवू पाहत होता. वाळूत माशांचे बारीक दातही विखुरलेले होते. डोळ्यांना बोट ठेवायला कुठेच जागा नव्हती, आणि सगळेच असे बरोबर असले की तो मनातून साशंक होत असे.

तापली सुई टोचली तर डिंक वितळून कळतो, पण मालावर डाग पडतो. उरली जीभ. जुने हाड सच्छिद्र असते, ओल्या जिभेला ते चिकटते. डिंक मुरलेल्या भुकटीवरून ती घसरते.

"जीभ लावावी लागेल, मालम."

"रोज्यात? सरडा चाटून रोजा मोडणारा तूच पहिला! मशिदीतल्या फकीहला काय सांगशील, चव घेत होतो म्हणून?"

"मगरिबच्या अजानपर्यंत थांबतो."

"माझ्या शब्दावर नाही विसंबता येत?"

म्हातारा पुन्हा पुन्हा दाराबाहेरच्या सावलीकडे पाहत होता. यांना खोट ठाऊक आहे, असे इद्दरला वाटले, आणि त्या वाटण्याची त्याला लाज वाटली.

अजान झाली. इद्दरचा हात जबड्याकडे गेला.

"आधी खजूर, मग सरडा," लल्ला इत्तोने दटावले. "माझ्या दुकानात हाच क्रम आहे."

खजूर खाऊन, पाणी पिऊन त्याने जबड्याच्या टोकाशी जीभ टेकवली. चिकटली. पुढे सरकला, पुन्हा चिकटली. चौथ्या दातामागे मात्र ती काचेवरून जावी तशी घसरली. त्याने पुन्हा लावली. तिथून मागे सगळेच गुळगुळीत होते.

बास्सूंचा लाकडी चमचा वाडग्यावर थबकला होता. "बोल."

"पुढचा भाग खरा आहे, मालम. दात सगळे खरे. मागचं हाड भुकटीचं आहे. सांधा आहे."

तो रागाची वाट पाहत राहिला.

"मीही चाटला होता काल," बास्सू हळूच म्हणाले. "खाणीवाल्याने शपथ घेतली, तरी चाटला. काहीच कळलं नाही. वर्ष झालं, जीभ बधिर झालीये. आधी वाटायचं, हाडंच बदलली."

"मग घाई का करत होतात?"

"मलाच खात्री नव्हती. तुझी जीभ लागायच्या आत सुटावं म्हणून." मग आत वळून ते म्हणाले, "हा जबडा घेऊ नकोस हं, इत्तो."

"नाही घेत," ती म्हणाली आणि तिने त्यांच्यापुढे रोटी सरकवली. "उद्याही इथेच या रोजा सोडायला. हात हलवत या."

बास्सूंनी तर्जनी पुढे केली. "दाखव कुठे ते."

इद्दरने ते सुरकुतलेले बोट धरून सांध्यावर टेकवले. बोट हळूहळू पुढे गेले, मागे आले.

"इथे?"

"इथेच."

"छान बसवलंय कुणीतरी," बास्सू म्हणाले, आणि बोट पुन्हा पुढे सरकले.