कुणी लावला?

माझी धाकटी बहीण गिटार घेऊन गावोगाव हिंडते, स्वतःची गाणी स्वतः रचून गाते. या खेपेला कार्यक्रम आमच्याच घरी ठेवला. सोफा सरकवताना माझी कंबर धरली, पण सांगते कुणाला! हॉलमध्ये सतरंजी, उशा, शेजारपाजारचे लोक आणि दारात चपलांचा ढीग.

"ताई, बाबा ऐकायला बसतील ना गं?" गिटार लावता लावता तिने विचारलं. नवं गाणं तिने त्यांच्यासाठीच केलं होतं.

बाबांनी आयुष्यभर बस चालवली. हिने नोकरी सोडली तेव्हा म्हणाले होते, "आयुष्याची वाट लावलीस!" तेव्हापासून हिचं गाणं म्हटलं की त्यांना नेमकं काहीतरी काम निघतं. आजही पाहुणे बसले आणि हे उठले. "मी चहाचं बघतो." अहो, ज्यांनी जन्मात कधी चहा केला नाही ते! माझं डोकंच फिरलं. पण भरल्या घरात तमाशा नको म्हणून गप्प बसले.

ती गायली. काय छान गायली हो! बहीण म्हणून सांगत नाही. बरं, बहीण म्हणूनच सांगते. शेवटी तिने नवं गाणं काढलं. लहानपणी बाबांच्या सीटमागे बसून केलेला प्रवास, स्टिअरिंगवर ताल धरून त्यांचं गुणगुणणं, सगळं त्यात होतं. मला तर रडूच आलं. मग गिटार थांबवून, स्वयंपाकघराकडे बघत, ती नुसत्या आवाजात गायली, "हा नाद मला कुणी लावला? सांगा ना, कुणी लावला?"

आता आमच्या घरात मी दिवसातून शंभरदा हेच ओरडत असते. पंखा कुणी लावला, टीव्ही कुणी लावला.

"मी लावला!" आतून बाबा खेकसले. "गॅस मी लावला! चहा काय हवेवर होतो?"

हॉलमध्ये हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. बहीण तर गिटारवर डोकं टेकून हसत होती. बाबा हातात गाळणं घेऊन दारात आले. "काय झालं? गॅसचंच विचारत होतीस ना?"

"नाही हो बाबा," ती डोळे पुसत म्हणाली. "गाण्याचा नाद मला कुणी लावला, ते विचारत होते."

बाबांनी गाळण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तोही मीच," ते म्हणाले आणि गाळण्यासकट तिच्यासमोर सतरंजीवर बसले. "पुन्हा म्हण. पहिल्यापासून."

आत चहा उतू गेल्याचा वास आला. जाऊ दे म्हटलं, गॅस बंद केला आणि परत येऊन बाबांशेजारी बसले.