तीन दीपगृहं आणि एक आई

पहिल्याच दीपगृहात धाकट्याचा दात पडला. तो थोरल्याने पाडला होता, आणि थोरला धंद्याने दातांचाच डॉक्टर असल्यामुळे उपचाराची सोय जागच्या जागी झाली. खाली आल्यावर त्याने धाकट्याचा जबडा धरून आत डोकावून पाहिलं, "मुळासकट आलाय, छान आलाय," असा अभिप्राय दिला आणि रुमालाची गुंडाळी करून तोंडात कोंबली. धाकट्याने ती चावून धरली आणि भावाच्या नडगीवर सणसणीत लाथ घातली.

आई गाडीत मागच्या सीटवर बसून हे कौतुकाने पाहत होती. तिच्या मांडीवर दोघांची जाकिटं, चष्मे, घड्याळं, फोन आणि गाडीची किल्ली होती. मारामारीआधी मौल्यवान वस्तू आईजवळ ठेवायच्या, ही या घरची रीत. माणसं मोडली तर जुळतात, चष्मा पुन्हा करावा लागतो.

दरवर्षीचंच होतं हे. उन्हाळाभर आई समुद्रकाठच्या छोट्या घरात एकटी आणि मजेत राहायची. झाडांची पानं पिवळी पडायला लागली की एका शनिवारी दोघे मुलगे यायचे आणि हिवाळ्यासाठी घर बंद करायचे. खिडक्यांवर फळ्या ठोकायच्या, गाद्या उंदरांच्या भीतीने दोरीला टांगायच्या, होडी पालथी घालायची, नळांतलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर थंडीत ते गोठतं आणि नळ फुटतात. घरात लोखंडी शेगडी होती, पण ती ओले मोजे वाळवण्यापुरती, हिवाळा काढण्यापुरती नव्हे, असं दोघांचं मत. हे मत त्यांनी शेगडीला कधी विचारलं नव्हतं.

मग रविवारी किनाऱ्याच्या रस्त्याने तीन दीपगृहं. वडील होते तेव्हा हंगामाच्या शेवटी पोरांना तिथे न्यायचे आणि पोरं वरपर्यंत शर्यत लावायची. वडील गेले, पोरांना टकलं पडली, शर्यत राहिली. फक्त आता तिच्यावर पैज होती: हिवाळ्यात आई कोणाकडे. वरच्या सज्जाच्या कठड्याला ज्याचा हात आधी लागेल तो जिंकला. बाकी चावणं, पाडणं, ओढणं, सगळं नियमात बसत होतं.

हे आईला कोणी सांगितलं नव्हतं. तिने आपलं ताडलं होतं. जो जिंकेल त्याला आई मिळते, हे उघडच होतं. उगाच का दोन बाप्ये माणसं एकमेकांची बोटं दारात चेचतील? शेजारच्या बाईला ती सांगायची, "लोकांची मुलं आईला सांभाळत नाहीत. माझी रक्त सांडतात हो." शेजारणीची मुलं नुसती पैसे पाठवायची.

एक गोष्ट आईला खटकायची, पण थोडीच. ज्याच्याकडे जायचं ठरायचं, तो घरी जाताना मुकाट्याने गाडी चालवायचा, जबडा आवळून. जिंकण्याचा शीण असेल, असं ती म्हणायची. आणि दुसरा, हरलेला, मागे बसून शिट्टी वाजवायचा. मनाचा मोठा, असं ती म्हणायची. आयुष्यभर तिने लोकांना मोटार चालवायला शिकवलं होतं. "वळण्याआधी आरशात बघ," हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं, की स्वतः बघायचं राहून गेलं होतं.

दुसरं दीपगृह पट्ट्यापट्ट्यांचं होतं. तिथे थोरला जिन्यावरून पाठीवर घसरत आला तो थेट तिकिटं देणाऱ्या बाईच्या पायाशी. वरून धाकट्याचा जयघोष ऐकू आला. पहिलं थोरल्याचं, दुसरं धाकट्याचं.

"बरोबरी झाली," आईने थोरल्याच्या कपाळावर थर्मासमधल्या गार पाण्याची पट्टी ठेवली. "लागलं का रे?"

"नाही गं."

"तुझा कान लोंबतोय."

"तो आधीपासूनच जरा..."

"दादा, कान धर कान," धाकटा बोबडं बोलत आला. मारामारीतही तो थोरल्याला 'दादा'च म्हणायचा. घरचे संस्कार. "पडला तर म्हणशील आईने हरवला."

तिसऱ्या दीपगृहाकडे थोरला गाडी चालवत होता आणि मधूनच धाकट्याच्या बाजूला जोरात वळण घेत होता, म्हणजे त्याचं डोकं काचेवर आपटावं. आई मागून म्हणाली, "इंडिकेटर दे रे."

तिसरं लाल होतं, कड्याच्या टोकावर, वाऱ्यात उभं. आईच्या मनात उन्हाळ्यापासून एक बेत होता. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती जिने चढू शकत होती, आणि हे तिने मुलांना सांगितलं नव्हतं. आपल्यासाठी चाललेली लढाई एकदा तरी शेवटच्या पायरीवर उभं राहून बघायची, जो येईल त्याला पोटाशी धरायचं. थोडा गर्व होता म्हणा, पण या वयात गर्वाला फार खर्च येत नाही.

"मी जरा हात-पाय धुऊन येते, तुम्ही तोवर दम घ्या," असं म्हणून दोघांचं सामान पोटाशी धरून आणि थर्मास खांद्याला अडकवून ती गेली, ती मागच्या बाजूने दीपगृहात शिरली. रखवालदार रंगाचा डबा ढवळत होता. "वर वारा आहे, मावशी," तो म्हणाला. "सज्जाचं लोखंडी दार नीट धरा. आतून कडी आहे, बाहेरून नाही."

वर पोचेपर्यंत तिला धाप लागली. सज्जात वाऱ्याने डोळ्यांना पाणी आलं. खाली समुद्र खडकांवर डोकं आपटत होता, घरच्यासारखाच. मग जिन्यातून आवाज आले. आधी पावलांचे, मग कापड फाटल्याचा, मग कोणाचं तरी डोकं कठड्यावर आदळल्याचा पोकळ 'ठण्ण'.

"पाय सोड, दादा!"

"सोडतो की! आधी तू माझं नाक सोड, गधड्या!"

पुन्हा 'ठण्ण'. कोणीतरी ओकल्यासारखा आवाज काढला. एक बूट गडगडत खाली गेला. आईने जाकिटं छातीशी घट्ट धरली. तिचे डोळे भरून आले होते, आणि आता वाऱ्याने नव्हे.

दार धाडकन उघडलं. धाकटा गुडघ्यांवर सज्जात पडला, रांगत कठड्याशी गेला आणि त्यावर रक्ताळलेला पंजा मारला. समुद्राकडे तोंड करून तो किंचाळला, "सुटलो! पीडा टळली! म्हातारी तुझ्या गळ्यात, दादा! पुऱ्या हिवाळ्यासाठी तुझ्या गळ्यात!"

थोरला दारातून लंगडत आला. नाक दाबून म्हणाला, "मागच्या वर्षीही माझ्याकडेच होती रे. बायको घर सोडून जाईल माझी. एक वर्ष तरी..."

आणि त्याला आई दिसली.



"आई," धाकटा म्हणाला, "ही आपली गंमत असते गं."

"कोण जिंकलं?" आईने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. या कुटुंबात असं पहिल्यांदाच घडत होतं.

आईने थर्मास फिरवला. तो धाकट्याच्या उरलेल्या दातांवर बसला. उलट्या हाताने तो थोरल्याच्या लोंबत्या कानावर बसला. तिने आयुष्यात कोणावर हात उगारला नव्हता, पण हाताला ते कोणी सांगितलं नव्हतं. दोघे कठड्याशी कोलमडले. ती आत गेली, लोखंडी दार ओढलं आणि कडी घातली.

दारावर बाहेरून धपाधप ऐकू येत होतं. ती सावकाश उतरली. गुडघा छान चालला.

"वर कोणी राहिलंय का, मावशी?" रखवालदाराने विचारलं.

"दोघं आहेत. रंग देऊन झाला की उघडा. घाई नाही."

गाडीत ती पुढच्या सीटवर बसली, आरसे स्वतःच्या नजरेला जुळवून घेतले, इंडिकेटर दिला आणि निघाली.

घरी पोचल्यावर तिने कुऱ्हाड घेतली. खिडकीच्या फळ्या आधी पाडल्या. पाण्याचा मोठा कॉक उघडला, नळ खोकले आणि वाहू लागले. गाद्यांची दोरी एका घावात तोडली. मग मुलांच्या खोलीत गेली. तिथे दुमजली पलंग होता. वर कोण झोपणार, यावरून या दोघांनी आयुष्यातली पहिली मारामारी केली होती, आणि तेव्हा ती हसली होती. तिने वरच्या पलंगाचा पाय फोडला. लाकूड वाळलेलं होतं, शेगडीने ते आनंदाने घेतलं. हिवाळ्याबद्दल शेगडीचं मत वेगळंच होतं.

दिवस मावळताना टॅक्सी आली. दारावर मुठी पडल्या.

"आई! आमचे फोन! चष्मे!"

तिने खिडकीतून जाकिटं बाहेर टाकली. चष्मे खिशात होते. फुटले असावेत.

"आई, त्या रखवालदाराने सगळं ऐकलंय," थोरला म्हणाला. "गावभर होईल. माझे पेशंट आहेत इथे. तू माझ्याकडे चल."

"तुझ्याकडे का?" धाकटा म्हणाला. "मी लोकांना विमे विकतो, माझ्या तोंडाला काळं नाही फासणार? आई माझ्याकडे येईल."

"हरलोय मी, गधड्या! नियमाने माझी आहे ती!"

"नियम गेला चुलीत!"

पायरीवर कोणीतरी कोणाला तरी आपटलं. मग ओळखीचे आवाज आले: ठोसा, फाटलेलं कापड, "दादा, डोळा!" आईने कान देऊन ऐकलं. दोघे तिच्यासाठी भांडत होते, अगदी तिने इतकी वर्षं शेजारणीला सांगितलं होतं तसेच.

ती क्षणभर थांबली. मग आत वळली. खालचा पलंग अजून बाकी होता.