अर्धी गोळी

आनंदरावांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात घरातले देव नदीत सोडले. तेव्हापासून नागपुरातल्या इंदोरा वस्तीत कुणाच्या अंगात आलं की आधी त्यांना बोलावणं येई. गिरणीतला हा जॉबर, म्हणजे मुकादम, घटकाभर बोलून भूत उतरवी, अंगारा नाही की लिंबू नाही. अशा माणसाच्याच घरात भूत शिरलं तर त्यानं तोंड कुठं लपवावं?

पंचाहत्तर साली डॉक्टरांनी कंपवात सांगितला. त्याआधी दोन-तीन वर्षं त्यांना भाजी करपल्याचा वास येत नव्हता, पोट साफ होत नव्हतं, झोपेत ते ओरडून लाथा झाडत. त्यांची बायको बायजाबाई हे सगळं म्हातारपणाच्या खात्यात टाकून मोकळी झाली होती. गोळ्या सुरू झाल्या तसा हाताचा कंप जरा थांबला, आनंदराव पुन्हा विहारापर्यंत चालू लागले. पुढं गोळी वाढली आणि एका दुपारी बायजाबाईनं पाहिलं, नवरा ताटातला भात बाजूला काढून ठेवतोय. तिनं खोदून विचारलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. चुलीपाशी दोन उघडी पोरं येऊन बसतात, म्हणाले. रोज येतात, बोलत काहीच नाहीत.

"कोणाले सांगू नको वं, बायजा. लोक म्हणतील, देव सोडले म्हणून भुतं आली."

तिनं नाही सांगितलं. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, भास होतात का. दोघांनीही नाही म्हटलं. इभ्रतीचा प्रश्न आला की शहाणी माणसंही अशी गाढवासारखी वागतात. महिन्याभरात आनंदराव त्या पोरांना भिऊन स्वयंपाकघरात पाऊल टाकीनात. मग मात्र तिला राहवलं नाही. ती एकटीच दवाखान्यात गेली आणि रडत रडत सगळं ओकली. डॉक्टर रागावले नाहीत. आजारात आणि या गोळीनं असं होतं, भूतबीत काही नसतं, म्हणाले. गोळी अर्धी करायला सांगितली, आणि बजावलं की एकदम बंद करायची नाही.

ती धापा टाकतच घरी आली. ऐकून आनंदराव किती दिवसांनी हसले. भूत नाही हे आपण पहिल्यापासून म्हणत होतो, असंही वर म्हणाले. अर्ध्या गोळीवर एक पोरगं गेलं, दुसरं राहिलं. बायजाबाईचं तेवढ्यानं भागलं. आनंदरावांचं भागेना, अर्धवट काम त्यांना जन्मात खपलं नव्हतं. ती हातावर ठेवी ती गोळी ते गालात धरत आणि मोरीत जाऊन थुंकत.

सहाव्या दिवशी त्यांना उठताच येईना. अंग लाकडासारखं ताठलं होतं, ताप फणफणला होता. शेजारच्या देवरावांनी रिक्षा आणली. वॉर्डात डॉक्टरांनी तिला विचारलं, गोळी कुणी बंद केली? रोज मीच हातावर ठेवते, म्हणत ती नवऱ्याकडे वळली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर आनंदरावांचे ओठ हलले. तिनं कान जवळ नेला.

"मीच थुंकत होतो. आता कोणीच दिसत नाही, बायजा."

चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती, पण आवाजातली ऐट तिला ओळखू आली. तिनं चमच्यानं पाणी पाजलं. ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं. पदरानं तिनं त्यांची हनुवटी पुसली.

"घरात भुतं राह्यली असती तरी चाललं असतं जी मले," ती म्हणाली.