पालकांच्या विनंतीवरून

मे महिन्यात वलगावच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाची पहिली बैठक अमरावतीत भरली, तेव्हा साधना अकोल्याहून गेली ती खरं तर एकाच ओढीनं. यास्मीन येईल असं तिला वाटत होतं. वाटण्याला आधार काहीच नव्हता. छत्तीस वर्षांत यास्मीनचं ना पत्र, ना फोन, ना कुणाच्या तोंडून निरोप. तरी बसमध्ये बसल्यापासून ती मनाशी म्हणत होती, एवढ्या लोकांना निरोप गेलेत, तिलाही कुणीतरी दिला असेल.

यास्मीन म्हणजे आठवीत आणि अर्ध्या नववीत साधनाच्या शेजारी बसलेली मुलगी. तिचे वडील गाद्या-रजया भरून द्यायचे. तिच्या वेणीत हमखास कापसाचा एखादा तंतू अडकलेला असायचा आणि साधना तो भर तासात हळूच काढायची. साधनाला आई नव्हती. घरी वडील आणि दोन भाऊ, तिघेही घुमे. दिवसभरात जे काही मनात साचायचं ते ती यास्मीनला सांगायची, आणि यास्मीन वहीत नद्या काढता काढता ऐकून घ्यायची. नकाशा काढण्यात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. नववीची दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडली, पण यास्मीन आली नाही. साधनानं आठ दिवस तिची जागा कुणाला दिली नाही. मग एकदा तिच्या घरी जाऊन पाहिलं, तर दाराला कुलूप. गेले ते लोक अचलपुरले, एवढंच शेजारीण म्हणाली.

पुढे साधना शिकली, अकोल्यात गणिताची शिक्षिका झाली, भगवंतरावांशी लग्न झालं, मुलगी मोठी होऊन हैदराबादला नोकरीला लागली. मैत्रिणीही बऱ्याच झाल्या. पण काही सांगावंसं वाटलं की आधी मनात यायची ती दोन वेण्यांची मुलगी.

बैठकीला साठेक माणसं होती. यास्मीन नव्हती. साधना शेवटपर्यंत दाराकडे पाहत राहिली.

संघाचे अध्यक्ष खुशालराव कृषी खात्यातून निवृत्त झालेले, आवाजानं मोठे आणि मनानं मोकळे गृहस्थ. शाळेला दगडी प्रवेशद्वार बांधून द्यायचं आणि दोन्ही खांबांवर माजी विद्यार्थ्यांची नावं कोरायची, असं त्यांनी मांडलं आणि टाळ्या पडल्या. नावं कुणाची, तर इथून दहावी पास झालेल्यांची. अक्षर चांगलं म्हणून नावं उतरवून आणायचं काम साधनावर आलं.

जूनमध्ये ती शाळेत गेली. मुख्याध्यापिका वर्षालीबाई तरुण होत्या, अदबीनं वागणाऱ्या. त्यांनी कपाटातून जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढून, धूळ झटकून टेबलावर ठेवलं. साधना आपल्या वर्गाची नावं एकेक करून उतरवू लागली. एकावन्न मुलं दाखल झालेली. दहावीपर्यंत पोहोचलेली बत्तीस. उरलेल्या एकोणीस नावांवर लाल शाईची रेघ होती, आणि शाळा सोडल्याचं कारण लिहायच्या रकान्यात एकोणीस वेळा एकच वाक्य होतं, पालकांच्या विनंतीवरून. एकोणिसांत पंधरा मुली.

सदतिसावं नाव यास्मीनचं होतं. पुढे शेऱ्यात कुणीतरी लिहून ठेवलं होतं, दाखला नेला नाही.

वर्षालीबाईंनी जुन्या दाखल्यांचं बाड शोधून आणलं. यास्मीनचा शाळा सोडल्याचा दाखला त्यात होता, सही-शिक्क्यानिशी, तेव्हाच्या मुख्याध्यापकांच्या हातचा. घ्यायला कुणी आलंच नव्हतं. यास्मीनपर्यंत पोहोचवते असं सांगून साधनानं तो मागून घेतला. आपण जागा धरून बसलो होतो त्याच आठवड्यात हा कागद तयार झाला होता, तारीख तेच सांगत होती.

पुढच्या रविवारी शाळेच्या पटांगणात गावाची बैठक झाली. प्रवेशद्वाराला ग्रामपंचायतीची संमती लागणार होती. खुशालरावांनी दगड कुठला, कमान कशी, सगळं रंगवून सांगितलं. लोक ऐकत होते. मागच्या ओळीतून माणिकबाई उठल्या. त्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या.

"भाऊ, माहं नाव येईन का त्याच्यावर?"

खुशालरावांनी विचारलं, दहावी कोणत्या सालची.

"दहावी कुठची? सातवीतून काढलं मले. पन याच शाळेतून काढलं." त्या जरा थांबल्या. "अन् शाळेत त माहं रोजचं येणं हाये. तुमी तीस-चाळीस वर्सांनी आले."

कुणी हसलं नाही. खुशालराव काहीतरी नियमाचं बोलू लागले. तेव्हा साधना उठली. तिला भाषणाची सवय नव्हती. तिनं फक्त वही उघडली आणि ती एकोणीस नावं वाचली. वाचता वाचता पटांगणात कुजबुज सुरू झाली, कारण त्यातल्या चार-पाच बाया समोरच बसल्या होत्या. एकीचं नाव येताच तिच्या सुनेनं वळून तिच्याकडे पाहिलं. सासू या शाळेत होती हे तिला ठाऊकच नव्हतं.

त्या दिवशी प्रवेशद्वाराचं बोलणं तिथंच राहिलं. गावाला काय हवं आहे हे आपण विचारलंच नाही, असं खुशालराव स्वतः म्हणाले. बायांनी आढेवेढे घेत सांगितलं, की आता शिकता आलं तर शिकायचं आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे वर्षालीबाईंनी समजावून दिलं. मग ठरत गेलं. वर्ग शाळेचा, दिवस रविवारचा, शिकवायला संघातले मास्तर आणि निवृत्त लोक, दवंडी आणि पिण्याचं पाणी पंचायतीचं. संघातले काही जण रुसले. आपला संघ आपल्यासाठी होता, असं त्यांनी ग्रुपवर लिहिलं आणि ग्रुप सोडून गेले. खुशालरावांनी त्यांची समजूत काढायचा नाद केला नाही. त्यांनी दहावीचं विज्ञानाचं पुस्तक विकत आणलं आणि वाचायला घेतलं.

साधनाला मात्र अचलपूर गाठायचं होतं. जुलैत ती अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाड्याच्या बसनं निघाली. अचलपुरात चौकशी करत, रजईवाल्यांच्या गल्लीत चौथ्या दुकानाशी पोहोचली. ओट्यावर एक बाई गादीच्या खोळीचं कापड फाडत बसली होती. चष्मा, पांढरे झालेले केस, ओढणी मागे सरकलेली. तिनं कापडाचं टोक दातात धरलं होतं. साधनानं लगेच ओळखलं. पूर्वी ती पेन्सिल अशीच दातात धरायची.

"यास्मीन," ती म्हणाली. "मी साधना. वलगावची."

बाईनं टोक दातातून काढलं आणि सभ्यपणे हसून पाहिलं.

"कोन साधना?"

साधनानं सांगितलं. वर्ग, बाक, खिडकी, वडिलांचं नाव. यास्मीन मन लावून ऐकत होती. खिडकी तिला आठवत होती. खिडकीबाहेरचं चिंचेचं झाड आठवत होतं. भूगोलाचे सर फळ्यावर एका दमात आफ्रिका कशी काढायचे ते तिनं हवेत हात फिरवून दाखवलं. आपला हजेरीचा नंबर सदतीस, हेही तिनं सांगितलं. साधना आठवत नव्हती. समोरच्या बाईला वाईट वाटू नये म्हणून तिनं प्रयत्न केला, म्हणाली, "हां, तुमी त्या पेढी नदीकाठच्या मळ्यातल्या न?" ती दुसरी मुलगी होती.

"नाही," साधना म्हणाली. "पण असू दे."

इतकी वर्षं जिच्याशी ती मनातल्या मनात बोलत आली होती, तिला त्यातलं काही पोहोचलं नव्हतं, आणि पोहोचायचं कारणही नव्हतं. 'तुमी' हा शब्द तिला फार लागला. काय करावं न सुचून तिनं पर्समधून दाखला काढून दिला.

यास्मीननं हात ओढणीला पुसले आणि कागद घेतला. एकदा वाचला, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. 'पालकांच्या विनंतीवरून'वर तिचं बोट थांबलं.

"अब्बांनी विनंती नवती केली," ती म्हणाली. "अब्बा पडले होते बिमार. घर चालवाले मानूस पाहिजे होतं. आमी रातोरात नाही, चांगलं सामान बांधून गेलो. मले वाटे, शाळेनं नाव खोडून टाकलं असन, कोनाले याद बी नसन."

आतून तिचे शोहर शफीकभाई चहा घेऊन आले. फॉर्मची गोष्ट निघाली तेव्हा यास्मीन नाही नाही म्हणत राहिली. या वयात, सून घरात, लोक काय म्हणतील. शफीकभाईंनी बशी खाली ठेवली.

"बाई, हिनं चार पोरांची भूगोलाची पुस्तकं आजवर रद्दीत देऊ देली नाही," ते म्हणाले. "पेटीभर हायेत. जाऊ द्या हिले."

परीक्षेचं केंद्र आणि वर्ग अचलपुरातही मिळाला असता. पण जायचं तर वलगावलाच, असं यास्मीन म्हणाली.

ऑगस्टपासून वर्ग सुरू झाला. अकरा बाया आणि तीन पुरुष. साधना एक रविवार सोडून अकोल्याहून यायची. यास्मीन मात्र दर रविवारी परतवाड्याहून अमरावतीकडे जाणाऱ्या बसमधून उतरायची, पिशवीत वही, डबा आणि लेकाचं जुनं ॲटलस. ती माणिकबाईंच्या शेजारी बसू लागली. दोघी एकमेकींच्या डब्यातलं खायच्या, एकमेकींच्या वहीत डोकावायच्या, खुशालराव विजेचा नियम समजावू लागले की हळूच हसायच्या. साधना फळ्याजवळून ते पाहायची. यास्मीन तिला मॅडम म्हणायची. बाकी सगळे म्हणायचे, म्हणून तीही.

एकदा मधल्या सुट्टीत साधनाला राहवलं नाही. तिनं वेणीतल्या कापसाच्या तंतूंची गोष्ट सांगितली. यास्मीन हसली आणि म्हणाली, "असं करत होत्या तुमी?" साधनानं मान हलवली आणि पुढचं गणित काढायला घेतलं. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती बडनेऱ्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. घरी भगवंतरावांनी विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणाली.

यास्मीनच्या हे लक्षात आलं नव्हतं असं नाही. जानेवारीत वर्ग सुटल्यावर दोघी बसची वाट पाहत फाट्यावर उभ्या होत्या. यास्मीन आपणहून बोलली.

"मॅडम, तुमाले वाईट वाटते, मले कळते. मी लय आठवून पाह्यलं, खोटं कायले सांगू. तवा अचलपुरात गेल्यावर मी रोज रडू. अम्मी म्हने, आता शाळेचं नावच काढू नको. मानसं आठवली का रडू ये, नकाशे आठवले का नाही ये. मंग मी नकाशेच ठेवले. मानसं सोडून देली."

बस आली. यास्मीननं चढता चढता तिच्या दंडाला हात लावला आणि आत गेली. बस दिसेनाशी होईपर्यंत साधना तिथं उभी होती. आपण जे रोज आठवत होतो, तेच दुसरीकडे कुणीतरी रोज विसरायला शिकत होतं, हे तिच्या मनात आजवर कधी आलं नव्हतं. तिला स्वतःपेक्षा त्या चौदा वर्षांच्या मुलीचं वाईट वाटलं. निदान आपल्याजवळ यास्मीन तरी होती.

मार्चमध्ये परीक्षा झाली. त्याच उन्हाळ्यात संघानं आणि गावानं मिळून शाळेला साधं लोखंडी फाटक बसवलं. त्यावर नावं नाहीत. नावांची वही वर्षालीबाईंनी वाचनालयात ठेवली आहे, आणि ज्याला आपलं नाव लिहायचं आहे तो येऊन लिहून जातो. पहिल्याच दिवशी माणिकबाईंनी सातवी असं स्पष्ट नोंदवून सही केली.

मे महिन्यात निकाल लागला. चौदातले नऊ पास झाले. माणिकबाई काठावर का होईना, पण पास झाल्या आणि सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी त्यांनी खिचडीऐवजी शिरा केला. यास्मीनला सामाजिक शास्त्रांत शंभरपैकी नव्वद पडले. गणितात ती नापास झाली.

साधनानं फोन केला तेव्हा तिकडून हसण्याचा आवाज आला. "तुमच्याच विषयात गेली पाहा, मॅडम," यास्मीन म्हणाली. "तुमाले तोंड दाखवाची शरम वाटून राहिली."

"शरम कशाची? पुन्हा बसायचं जुलैत. मी येते शिकवायला."

वलगावचा वर्ग तेव्हा नव्या तुकडीचे फॉर्म भरून होईपर्यंत बंद होता. म्हणून जूनभर साधना दर रविवारी अचलपुरात गेली. दुकानाच्या ओट्यावर दोघी वही मांडून बसायच्या. गिऱ्हाईक आलं की यास्मीन उठून माप घ्यायची, परत येऊन समीकरण पुढे सोडवायची. मधल्या वेळात इकडचं तिकडचं निघायचं. तिचं एक मूल लहानपणी गेलं होतं, ते तिनं एका रविवारी सांगितलं. साधनानं तिला आपल्या लेकीबद्दल सांगितलं, जी आता आठवड्यातून एकदाच फोन करते. शाळेतली साधना यास्मीनला कधीच आठवली नाही आणि साधनानंही विचारणं सोडून दिलं. त्या दोघींची ओळख आता अकरा महिन्यांची होती. त्याआधीचं जे होतं, ते एकटीपाशीच राहणार होतं.

शेवटच्या रविवारी यास्मीननं न थांबता पाच गणितं बरोबर सोडवली. साधनानं वही तपासून खाली सही केली. पावसाचं आभाळ होतं, बस लवकर पकडायला हवी होती. यास्मीन तिला फाट्यापर्यंत पोचवायला आली.

"पेपर झाल्यावर कायले याल तुमी?" ती वाटेत म्हणाली. "पन याच. गणित नसलं तरी या."

साधना हो म्हणाली आणि समोरून बस येताना पाहून तिनं हात वर केला.