सातवीतनं काढलेली

निरगुडसरला टेम्पोतून उतरल्या उतरल्या द्रौपदाने लेकीच्या नाकावरचा चष्मा काढून आपल्या पिशवीत टाकला.

"आई, कांदा तरी दिसेल का मला?"

"दिसंल तेवढा निवड."

कल्याणी हसली नाही. एम.एस्सी. झाल्यापासून तिचं हसणं जरा महागच झालं होतं. इंग्रजी शाळेत शिकवायचे तिला महिन्याला सहा हजार मिळत. खुरपायला जाणारी आई त्याच्या दीडपट आणायची. शेवटी कल्याणीनेही मजुरीला जायचं ठरवलं. पण त्यांच्याच गावच्या, पिंपरी पेंढारच्या कांद्याच्या शेडवाल्याने हात जोडले. "मॅडम, तुम्ही चार दिवसांत सोडून जाणार." आणि ती मॅडम आहे हे त्याला सांगणारी दुसरी कोण? द्रौपदाच. डिग्री मिळाली तेव्हा तिने गावभर पेढे वाटले होते. आता त्या पेढ्यांचा तिला संताप यायचा. म्हणून तर ओळखीचं कुणी नसलेल्या गावात या दोघी आल्या होत्या.

कांद्याच्या शेडमध्ये मुकादमीण साळुबाई वही घेऊन बसली होती. तिने कल्याणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"शिकलीय का गं ही? शिकलेल्या मला नगंत. टिकत न्हाईत."

कल्याणीने तोंड उघडलं, पण द्रौपदा आधी बोलली.

"सातवीतनं काढली."

"आडनाव?"

"भालेराव."

"म्हंजी बौद्धवस्तीतल्या का? अगं, तुमच्यात तर उपाशी राहून पोरी शिकवत्यात! मग तूच कशी गं अशी आई?"

द्रौपदाला रडू फुटायचंच बाकी होतं. पहिलीपासून एम.एस्सी.पर्यंतची सतरा वर्षं तिच्या जिभेवर आली होती. दुसऱ्यांच्या रानात वाकून काढलेला एकेक दिवस त्या बाईला ऐकवावा असं तिला वाटलं. तिने पदराने तोंड पुसलं.

"न्हाई शिकवली," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

साळुबाईने दोघींची नावं लिहिली. रोज दोघींना सारखाच, साडेतीनशे. द्रौपदा ढिगाशी जाऊन बसल्यावर साळुबाईने कल्याणीला जवळ बोलावलं. बाई मनाने वाईट नव्हती.

"आयवर राग धरू नगं, पोरी. अडाणी माणसाला न्हाई कळत."

एवढं बोलणं द्रौपदाला सहज ऐकू जात होतं. तिचे हात कांद्यांवर थांबले.

"न्हाई धरत," कल्याणी म्हणाली.

आणि आईकडे न बघता तिच्या शेजारी जाऊन बसली.